सहाच्या जागी चार

३ मार्च

धिप्पाड-१ उडालंच नाही. लाँचपॅडवर तीन सेकंद नीट उभं राहिलं, मग कमरेत उसण भरल्यासारखं वाकलं आणि बसलं खाली. इंजिन सुरू करायच्या आधीच. आमच्या रॉकेट-गेमच्या ऑनलाइन ग्रुपवर याला 'स्वतःच्या वजनाने मेलं' म्हणतात.

ग्रुपची कॉम्पिटिशन आहे. एक हजार टन वजन एकाच उड्डाणात कक्षेत न्यायचं. तुकडे तुकडे नेऊन वर जोडलेले चालणार नाहीत. शेवटची तारीख २१. माझी परीक्षा संपलीये, निकालाला दोन महिने आहेत, त्यामुळे माझ्याकडे वेळच वेळ आहे. आईच्या मते जरा जास्तच आहे.

"पडलं का तुझं रॉकेट?" तिने स्वयंपाकघरातून विचारलं.

"पडलं."

"मग भांडी घास."

डायरी मराठीत लिहिते आहे, कारण आई-बाबांचं बोलणं इंग्रजीत लिहिलं की ते दुसरेच कोणीतरी वाटायला लागतात. शुद्धलेखनाकडे कोणी बघू नये.

बाबा घरीच आहेत. आज अकरावा दिवस. साइटवर अपघात झाला, त्यात बाबांच्या सोबत काम करणारे उंच काका गेले. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही असं ऑफिसने बाबांना सांगितलंय. याबद्दल घरात कोणी बोलत नाही, म्हणून मीपण लिहीत नाही.

४ मार्च

धिप्पाड-२: मेलं. धिप्पाड-३: मेलं, पण छान मेलं, चारही बाजूंना फुलासारखं उघडलं. मी हसले तर बाबांनी पेपर खाली केला आणि माझ्याकडे बघितलं. मी लगेच आवाज बंद केला.

७ मार्च

आज एक भारी गोष्ट झाली. बाबा माझ्या मागे येऊन उभे होते, मला कळलंच नाही. धिप्पाड-५ पॅडवर आलं. अडीचशे फूट उंच, खाली नऊ टाक्यांचा गठ्ठा.

"ती डावीकडची जाणार," बाबा म्हणाले.

"कुठली?"

"खालून दुसरी. वरचं सगळं तिच्यावर टेकलंय आणि तिला बाजूने धरायला काहीच नाही."

आणि तीच गेली! रॉकेट फुटलं की गेममध्ये एक यादी येते, कुठला जोड कितव्या सेकंदाला तुटला याची. पहिल्या नंबरवर तीच टाकी. मी बाबांना यादी दाखवली. ते चष्मा लावून वाचत बसले. मग म्हणाले, "हे खरं सांगतं? क्रमाने?"

"हो. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत."

"म्हणजे आधी काय गेलं आणि मग काय गेलं, ते कळतं."

"हो ना बाबा, तेच सांगतेय."

त्यांनी खुर्ची ओढली. नंतर अजून तीन वेळा त्यांनी आधीच सांगितलं काय तुटणार, आणि तीनपैकी तीन बरोबर. मी म्हटलं तुम्ही गेममध्ये पाहिजे होतात. ते म्हणाले, "तीस वर्षं तेच बघतोय, इंजिनियरबाई. फक्त आमच्याकडे यादी येत नाही."

बाबा रिगर आहेत. क्रेन चालवणारा वर केबिनमध्ये बसतो, त्याला खालचं नीट दिसत नाही. बाबा खाली उभे राहतात आणि हाताने इशारे करतात: उचल, थांब, हळू, डावीकडे. ओझं कसं बांधायचं तेही तेच बघतात. शाळेत मला बाबा काय करतात सांगायला लाज वाटायची, मी 'कन्स्ट्रक्शनमध्ये' एवढंच म्हणायचे. हे आज लिहून टाकते.

९ मार्च

बाबांनी मला इशारे शिकवले. तर्जनी वर करून गोल फिरवायची म्हणजे उचल. एका हाताच्या तळव्यावर दुसरा धरायचा म्हणजे हळू. दोन्ही हात आडवे पसरून, तळवे खाली करून हलवायचे म्हणजे तातडीने थांब.

"आणि एक लक्षात ठेव. बाकी सगळे इशारे एकाच माणसाने द्यायचे. दोघांनी दिले की वरचा गोंधळतो. पण थांब कोणीही म्हणू शकतं. झाडूवाला म्हणू दे, टपाल घेऊन आलेला म्हणू दे. थांब दिसलं की वरच्याने थांबायचंच. का म्हणून विचारायचंसुद्धा नाही."

मग मी पूर्ण दिवस आईला इशारे करत फिरले. तिने ताट वाढताना मी 'हळू' केलं. ती म्हणाली, "दोघं मिळून माझं डोकं उचला आता."

बाबा हसले. अपघातानंतर पहिल्यांदा.

१२ मार्च

आता लिहायलाच हवं, कारण आज ऑफिसमधून कागद आला.

साइटवर एक मोठी साठवणीची टाकी उभी राहतेय. ती रिंगा-रिंगांनी करतात. लोखंडी पत्र्याची मोठी गोल रिंग जमिनीवर तयार करायची, क्रेनने उचलायची आणि आधीच्या रिंगेवर ठेवायची. रिंग एवढी मोठी असते की उचलताना ती चेपून लंबगोल होऊ शकते. म्हणून आतून आडवे दांडे बसवतात, छत्रीच्या काड्यांसारखे. ड्रॉइंगमध्ये सहा होते. त्या दिवशी चारच होते. बाबांनी विचारलं तेव्हा साइटचे साहेब म्हणाले, चारने भागतं, हिशोब केलाय.

रिंग वीतभर उचलली. थांबले. तीस मोजले. ही त्यांची पद्धत आहे, आधी वीतभर उचलायचं, थांबायचं, बघायचं. नीट होतं. मग वर घेतली, आणि माणसाच्या दुप्पट उंचीवर ती वळली आणि एका बाजूने निसटली. उंच काका खाली दोरी धरून होते, रिंग फिरू नये म्हणून.

उंच काका आमच्याकडे यायचे तेव्हा दरवेळी दाराच्या चौकटीला डोकं आपटायचे. दरवेळी! आईने शेवटी तिथे कापडाची गादी शिवून ठोकली. ती अजून आहे.

कागदावर लिहिलंय, 'ओझं वर जात असताना इशारा देण्यात माझ्याकडून चूक झाली.' त्याखाली बाबांची सही हवी आहे. सही केली तर चौकशी बंद. बाबा रिगर म्हणून परत उभे राहणार नाहीत, पण पोलीस वगैरे काही नाही.

आई म्हणाली, "अहो, तुम्ही चूक केली का?"

बाबांनी कागदाची घडी घातली, परत उघडली. मग म्हणाले, "मी 'हळू' दिलं होतं असं मला वाटतं. पण नक्की सांगता येत नाही. हात आठवतो, बोटं आठवत नाहीत."

"मग सही कशी करणार?"

"आणि नसेल दिलं 'हळू', तर सही न करता कसा राहणार?"

आई कपड्यांच्या दुकानात फिटिंग-दुरुस्तीचं काम करते. ती म्हणाली, "दोन टाके कमी घातले तर कपडा ट्रायल रूममध्ये उसवत नाही. घरी गेल्यावर उसवतो." मग उठून कुकर लावायला गेली.

१४ मार्च

धिप्पाड-९ पण मेलं. मी रडले, खरं सांगते. मूर्खासारखं, रॉकेटसाठी. ग्रुपवर गोगलगायला विचारलं. (हा ग्रुपमधला सगळ्यात हुशार माणूस, पण उत्तर द्यायला आठवडा लावतो म्हणून गोगलगाय. कॉम्पिटिशनचा परीक्षक तोच आहे.) अर्थातच उत्तर नाही. दुसऱ्या एकाने लिहिलं की सेटिंगमध्ये आत एक खूण आहे, 'जोड तुटणार नाहीत', ती लाव, मग काहीही उडतं.

लावली. फक्त एकदा बघायला, की माझं रॉकेट उडताना दिसतं कसं. आणि उडालं! जिराफ पळाल्यासारखं डुगडुगत गेलं वर. पाच मिनिटं मस्त वाटलं, मग घाण वाटलं. तेवढ्यात आईने हाक मारली, बाबांची शुगर खाली गेली होती. कॉम्प्युटर तसाच बंद केला. खूण उद्या काढते.

१९ मार्च

पाच दिवस काही लिहिलं नाही. बाबा जेवत नाहीत नीट. ऑफिसमधला एक माणूस दोनदा येऊन गेला. अगदी गोड बोलतो. "तुमच्यावर कोणाचा राग नाहीये, फक्त फाइल बंद व्हायला हवी." आईने त्याला पाणी दिलं, चहा विचारला नाही. जाताना तो चौकटीवरच्या गादीला हात लावून म्हणाला, "हे काय, लहान मुलांसाठी का?" आईने दार उघडून धरलं.

मी रॉकेटला हात लावला नाही. दोन दिवसांत संपणार कॉम्पिटिशन. जाऊ दे.

२० मार्च

नाही जाऊ द्यायचं!!

सकाळी बाबा स्वतः आले, पेपरच्या कडेला पेन्सिलने काढलेलं चित्र घेऊन. "तू दांडे उभे लावतेस. ते आडवे लाव. आणि समोरासमोर नको, एक सोडून एक. आमच्याकडे असंच करतात."

पूर्ण दुपार आम्ही दोघांनी धिप्पाड-१० बांधलं. बाबा माऊस धरतात तेव्हा जणू काचेचा आहे असा धरतात. एकशे बारा दांडे. त्यावर अकराशे टन ओझं. पॅडवर आलं. तीन सेकंद. पाच. दहा.

"इंजिन," बाबा म्हणाले आणि तर्जनी वर करून गोल फिरवली.

गेलं. जरा डुललं, पण एकही जोड तुटला नाही. एकही! धुराच्या वर, ढगांच्या वर, निळं काळं होईपर्यंत गेलं. यादी पूर्ण रिकामी. बाबांनी यादी दोनदा उघडून बघितली.

मी आईला ओढत आणलं. ती म्हणाली, "एवढं अवजड आणि पडलं नाही?" बाबा म्हणाले, "नीट बांधलं की पडत नाही." त्यांचा आवाज वेगळाच येत होता, पूर्वीसारखा.

खरं तर मला वाटलं होतं निदान दहा-बारा वेळा तरी पडेल. बाबा जीनियस आहेत.

२१ मार्च

फाइल पाठवली. नावाच्या जागी दोघांची नावं टाकली.

२२ मार्च

बाबांनी आज विचारलं, गेममध्ये रिंग करता येईल का.

मला कळलं कसली रिंग. मी म्हटलं येईल. क्रेन नाहीये, पण वर चार छोटी इंजिनं लावून त्याने उचलता येईल. त्यांनी सगळी मापं सांगितली, कुठेही न बघता. पत्र्याची जाडी, व्यास, पट्टे कुठे बांधले होते ते. मी जमेल तेवढं तसंच केलं. दोन तास लागले. ते बाजूला बसून होते, हात मांडीवर ठेवून, दाढीच्या दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघतात तसे. (दाढेच्या. मी कायम चुकते.)

आधी सहा दांडे लावून उचलली. नीट गेली वर. अपेक्षाच होती.

मग बाबा म्हणाले, "आता ते दोन काढ." कुठले दोन ते बोट लावून दाखवलं.

चार दांड्यांनी उचलली. जरा वाकली, पण गेली वर. नीट. तुटलं काहीच नाही.

"परत कर."

परत केली. तेच.

"जरा जोरात उचल. 'हळू' न देता."

जोरात उचलली. हलली, झुलली, पण निसटली नाही. यादी रिकामी.

मी वळून बघितलं तर बाबा स्क्रीनकडे बघतच नव्हते. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे चारने भागत होतं."

"हो, दिसतंय तर."

"साहेबांचा हिशोब बरोबर होता."

मी म्हटलं, असेल. मला वाटलं त्यांना बरं वाटेल, की काहीतरी एक पक्कं कळलं. ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं, बाळा. कळलं ते बरं झालं."

बाळा नाही म्हणत ते मला, चौथीनंतर.

२३ मार्च

बाबांनी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ऑफिसला जाऊन सही करून आले. दुपारी जेवले, गेल्या महिन्याभरात जेवले नसतील एवढे. मग झोपले.

सुटलं एकदाचं. आता निदान तो गोडबोल्या येणार नाही. आई मात्र दिवसभर कोणाशी बोलली नाही. चौकटीवरची गादी काढायला स्टूलवर चढली, आणि तशीच खाली उतरली.

२५ मार्च

वरचे काका आले होते. हे क्रेन चालवतात, म्हणून आम्ही त्यांना वरचे काका म्हणतो. ते उंचीने बुटके आहेत, हा उंच काकांचा जुना जोक. आज ते चपला न काढताच आत आले.

"कशाला केलीस सही? सांग ना, कशाला?"

"चूक माझी होती म्हणून."

"कोणी सांगितलं तुला? मी वर होतो. माझ्या डोळ्यांवर ऊन होतं, तुझा हात दिसला, बोटं मलापण नाही दिसली. पण मी हळूच उचलत होतो. मी सांगतो ना!"

"चारने भागतं. मी बघितलंय."

"कुठे बघितलंस?"

बाबा चष्मा पुसायला लागले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी दाराच्या आडून ऐकत होते आणि मला उगीचच गरम व्हायला लागलं.

वरच्या काकांनी कपाळावर हात मारला. "तुझ्या सहीने काय झालं माहितीये? इशारा चुकला म्हणजे बांधणीत खोट नव्हती. कागदोपत्री. पुढची रिंग तयार आहे. परवा अठ्ठावीसला उचलायची."

"परवा सत्तावीस," आई आतून म्हणाली.

"तेरवा मग! तारखांचं काय घेऊन बसल्या वहिनी. किती दांडे आहेत विचारा तिच्यात."

त्यांनीच चार बोटं वर केली, आणि गेले.

२६ मार्च

गोगलगायचं उत्तर आलं. पूर्ण लिहिते.

'डिझाइन सुंदर आहे. दांड्यांची रचना मी कधी बघितली नव्हती. पण तुझ्या फाइलमध्ये "जोड तुटणार नाहीत" चालू आहे. बाद. सॉरी.'

मी सेटिंग उघडलं. खूण तिथेच होती. चौदा तारखेपासून.

मी आधी धिप्पाड-१० चा विचार केला. खरंच, आधी तोच. की म्हणजे ते आमचं उडणं खोटं होतं. मग दोन मिनिटांनी रिंग आठवली.

सांगितलं नाही. बाबा गॅलरीत झाडांना पाणी घालत होते. प्रत्येक कुंडीला मोजून एक तांब्या. मी दारापर्यंत गेले आणि परत आले. तीनदा. स्वतःला सांगत होते की आता सही झाली, आता सांगून फक्त त्यांना त्रास. हे कारण मला पटतही होतं. मी किती घाबरट आहे हे कळायला ही डायरी बरी आहे.

२७ मार्च

आई सकाळी कामावर निघताना म्हणाली, "चेहरा का असा? परत पडलं का?"

मी म्हटलं, "नाही. पडायला हवं होतं, ते पडलं नाही."

तिने पर्स खाली ठेवली. तिला सगळं सांगितलं. ती ओरडेल वाटलं होतं. ती म्हणाली, "मला कशाला सांगतेस? तिकडे जा," आणि मला खांद्याला धरून बाबांसमोर नेऊन उभं केलं. कामावर गेलीच नाही.

मी बाबांना सांगितलं. एका दमात. सेटिंग काय असतं, खूण काय असते, मी ती का लावली, कशी विसरले. ते ऐकत होते, पण चेहऱ्यावर काही नाही. शेवटी म्हणाले, "काढ ती खूण."

काढली. आधी धिप्पाड-१० आणायला सांगितलं त्यांनी. चौदा सेकंद उभं राहिलं. आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त, पण पडलं. बाबांनी मान हलवली.

मग रिंग. सहा दांडे: नीट गेली. चार दांडे: वीतभर उचलली, थांबवली, बाबांनी तीस मोजले. नीट होती. अगदी नीट. मग वर घेतली, अगदी सावकाश. थोडी वर गेल्यावर ती अंड्यासारखी झाली आणि डावा पट्टा निसटला.

अजून हळू करून बघितलं. निसटली. अजून हळू. निसटली. यादीत दरवेळी पहिला एकच जोड, जिथे तो पाचवा दांडा असायला हवा होता तिथला.

"बस," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "म्हणजे तुमची चूक नव्हती बाबा."

"हा गेम आहे. हा काही पुरावा नाही." मग माऊस बाजूला सारून, "त्या दिवशी मात्र मी यालाच पुरावा मानला. मला मानायचंच होतं. काहीतरी एक ठरून जाऊ दे, एवढंच हवं होतं."

"माझ्यामुळे झालं."

"खूण तू लावलीस. सही मी केली. तुझं तू बघ, माझं मी बघतो." रागाने नाही म्हणाले. पण जवळही घेतलं नाही. मग त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं आणि कपाटातून साइटचे बूट काढले. दिवसभर ते पुसत बसले.

२८ मार्च

सगळं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्यापर्यंत मी त्यात काहीतरी भरीचं घालेन.

आठ वाजता बाबा आणि मी ऑफिसला गेलो. बाबांनी सांगितलं, मला कागद परत हवाय, आणि आजची उचल थांबवा, दोन दांडे घाला. गोडबोल्या म्हणाला, कागद वरती गेला, आता तो आमच्याही हातात नाही. आणि उचलीचं तुम्ही बघू नका, तुम्ही आता साइटवर नाही ना. बाबा साहेबांना भेटायला गेटवर गेले. वॉचमन ओळखीचा होता. त्याने खाली मान घालून सांगितलं, "दादा, तुम्हाला आत सोडायचं नाही असं लिहून दिलंय. माझी नोकरी आहे."

बाबा म्हणाले, "तुझं बरोबर आहे."

साइटभोवती उंच पत्रे आहेत, रस्त्यावरून काही दिसत नाही. पण समोर रस्ता ओलांडायचा पूल आहे, माणसांचा. आम्ही वर चढलो. तिथून सगळं दिसत होतं: टाकीचा खालचा भाग, शेजारी जमिनीवर नवी रिंग, भोवती पिवळ्या टोप्या. आत चार दांडे. मी दोनदा मोजले. दोन माणसं दोऱ्या धरून उभी होती. एक उंच होता. म्हणजे फार नाही, पण होता.

क्रेनची केबिन पुलाच्या जवळजवळ समोर होती, जरा वर. काचेवर ऊन होतं. आत कोणी आहे की नाही तेसुद्धा कळत नव्हतं.

नव्या रिगरने तर्जनी फिरवली. पट्टे ताणले गेले. रिंग वीतभर उचलली आणि थांबली.

"एक," बाबा म्हणाले. "दोन."

मोजता मोजता ते कठड्याच्या अगदी पुढे गेले आणि दोन्ही हात आडवे पसरले. तळवे खाली. हलवायला लागले, पुढे-मागे, पुढे-मागे. अंगावर साधा चौकड्याचा शर्ट, ना टोपी ना जॅकेट. लोक बघत जात होते. भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई म्हणाल्या, "अहो काका, व्यायाम बागेत करा, इथे जागा आहे का?" मी त्यांना बाजूला केलं. बहुतेक ढकललंच.

"सतरा. अठरा."

काही होत नव्हतं. नवा रिगर पाठमोरा होता. काचेवर ऊन तसंच.

"एकवीस. बावीस."

मी बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि माझे हात पसरले. मला तो इशारा नीट येत नाही, माझे तळवे वाकडे होतात. पण कोणीही देऊ शकतं असं त्यांनीच सांगितलं होतं.

"सव्वीस," बाबा म्हणाले, आणि क्रेनचा भोंगा वाजला. एकदाच, लांब.

तिसावा आकडा आला, गेला. नव्या रिगरने तर्जनी फिरवली. रिंग हलली नाही. त्याने परत फिरवली. मग केबिनचं दार उघडलं आणि वरचे काका अर्धे बाहेर आले, पुलाकडे बोट दाखवून काहीतरी ओरडले. सगळ्या पिवळ्या टोप्या आमच्याकडे वळल्या. साहेब हात नाचवत होते. वरचे काका परत आत गेले, आणि रिंग सावकाश, खूप सावकाश खाली आली. जमिनीला टेकली. पट्टे सैल पडले. दोऱ्या धरलेली माणसं मागे सरकली.

बाबांनी तोपर्यंत हात खाली घेतले नाहीत.

मग गेटमधून दोन माणसं पुलाकडे पळत निघाली, एक मोबाइल कानाला लावून. त्यांनी आम्हाला पुलावरून उतरवलं आणि घरी पाठवलं. आता काय होईल माहीत नाही. कागद वरती गेलाय तो गेलाय. उद्या दुसऱ्या कोणाला तरी केबिनमध्ये बसवून ते हीच रिंग चार दांड्यांवर उचलतील, असंही होऊ शकतं. वरच्या काकांना संध्याकाळी घरी बसायला सांगितलं, हे आत्ताच कळलं. उंच काका तर नाहीतच. बाबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेत. आई शेजारी बसून कोणाचीतरी पँट उसवतेय.

एवढंच पक्कं आहे की पुलावर मी सबंध वेळ रिंगेकडे बघत नव्हते. मी बाबांची बोटं बघत होते. दहाच्या दहा सरळ होती, जुळलेली, तळवे खाली. मी मोजली. तारीख अठ्ठावीस, वेळ दहा वाजून चाळीस मिनिटं. त्यांना आठवलं नाही तर मला विचारावं.